क्रूझ बुक करण्याआधी नेमकं काय काय बघायचं?

पाऊलवाट:
आई-बाबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतील. त्यांना घेऊन क्रूझवर जायचं आमच्या मनात आहे. आम्ही पाच जण: आई, बाबा, मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक. आईचे गुडघे दुखतात, काठी घेऊन चालते, पण सपाटीवर तासभर आरामात फिरते. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. आमच्यापैकी कुणीच आजवर मोठ्या जहाजात बसलेलं नाही.

एजंटने भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या दोन सहली पाठवल्या आहेत. एक पूर्वेकडची: व्हेनिस, अथेन्स, सँटोरिनी, तुर्कस्तानातलं कुशादासी. दुसरी पश्चिमेकडची: बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, रोम, नेपल्स. दोन्हींवर 'सर्व समाविष्ट' असं ठळक छापलंय. फोटो बघून सगळ्यांचा जीव पहिलीवर जडलाय. केबिन आतली घ्यावी की बाल्कनीची, यावर घरात रोज चर्चा चालू आहे. एजंट म्हणतो, दोन दिवसांत आगाऊ रक्कम भरली तर चांगला भाव मिळेल. पैसे भरण्याआधी आणखी काय विचारून घ्यायला हवं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

डेक_पाच:
मी काही वर्षं क्रूझ जहाजावर रिसेप्शनच्या काउंटरवर नोकरी केली आहे. दिवसभर प्रवाशांची गाऱ्हाणी ऐकायची आणि जमेल तितकी सोडवायची, हेच काम. त्यात खुद्द जहाजाबद्दलची गाऱ्हाणी फार थोडी असत. लोक हिरमुसायचे ते बंदरांवरून आणि बिलावरून. आणि या दोन्ही गोष्टी बुकिंगच्या कागदांवर आधीच छापलेल्या असायच्या. म्हणून तुम्हाला अगदी मनापासून सांगते, केबिनची चर्चा दोन दिवस थांबवा आणि एजंटकडून आधी तासांसकट वेळापत्रक मागवा. कोणत्या दिवशी कोणतं बंदर, जहाज किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार आणि धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकणार.

रोमचंच बघा. जहाज रोमला जात नाही, चिविताव्हेकिया नावाच्या बंदरात जातं, आणि तिथून रोम ७०-८० किलोमीटर आहे. समजा जहाज सकाळी ७ ला लागलं आणि संध्याकाळी ७ ला सुटणार आहे. वाचताना पूर्ण दिवस हाताशी आहे असं वाटतं. पण बंदरातल्या अधिकाऱ्यांची परवानगी येऊन बाहेर पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. परत चढायची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. जाऊन-येऊन प्रवासात तीन तास धरा. हातात उरले साडेसात तास, आणि त्यातून रांगा वजा करायच्या. कलोसियम किंवा व्हॅटिकन, यांपैकी एक निवांत बघून होतं. दोन्ही बघायची हौस केली की आईंच्या गुडघ्यांचे हाल होणार.

फ्लॉरेन्स असंच लिव्होर्नो बंदरातून, पॅरिस ल हाव्रहून आणि बर्लिन वार्नेम्युंडेहून दाखवतात. वार्नेम्युंडे ते बर्लिन म्हणजे एका बाजूचेच जवळजवळ तीन तास. उलट नेपल्समध्ये जहाज शहराच्या तोंडाशीच लागतं, गँगवेवरून उतरून चालत जुन्या किल्ल्यापर्यंत जाता येतं. जिनोआचं मत्स्यालयही धक्क्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे, लेकीला तिथे नक्की न्या. मार्सेयला मात्र क्रूझ टर्मिनल जुन्या बंदरापासून लांब पडतं, शटल बस घ्यावी लागते. ती फुकट की पैसे देऊन, ते आधी विचारा.

आता व्हेनिस. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजच्या वरच्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. हल्लीची बहुतेक जहाजं याच्या कितीतरी पट मोठी असतात. काही मार्गेरा या औद्योगिक बंदरात लागतात, तर बऱ्याच कंपन्यांनी सरळ रॅव्हेना किंवा त्रिएस्ते गाठलंय. रॅव्हेनाहून व्हेनिसला बसने दोन-अडीच तास लागतात. त्यामुळे तुमच्या कागदावर व्हेनिसच्या पुढे बारीक अक्षरात कोणतं नाव आहे ते डोळ्यांत तेल घालून वाचा. व्हेनिस बघायचंच असेल तर जहाजावर चढायच्या आधी तिथे स्वतंत्र मुक्काम करणं उत्तम.

सँटोरिनीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासोबत आई आहेत. तिथे मोठ्या जहाजाला धक्काच नाही. जहाज खाडीत उभं राहतं आणि छोट्या बोटींनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या पोटातलं एक दार उघडतं, तिथे लोखंडी फलाट असतो आणि त्याला बोट लागते. बोट स्थिर नसते. लाट आली की फलाटाच्या वर जाते, ओसरली की खाली. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरतात, बोट बरोबरीला आली की 'आता' म्हणतात, आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं असतं. काठी घेतलेल्या एक आजी त्या दारापर्यंत आल्या होत्या. खाली-वर होणारी बोट बघून त्यांचा धीरच होईना. मागे रांग खोळंबलेली, सूनबाई हात धरून समजावतायत, शेवटी आजी म्हणाल्या, "तुम्ही जा, मी इथेच बरी." सगळं कुटुंब दोन मिनिटं तिथेच थबकलं, कुणाचा पाय निघेना. त्या बेटासाठीच त्यांनी ती सहल निवडली होती. टेंडरचं त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

बेटावर उतरल्यानंतरही वरच्या गावात जायला केबल कार किंवा शेकड्यांनी पायऱ्या. एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली की केबल कारची रांग तासन्‌तास सरकत नाही. जहाजाकडून घेतलेल्या किनाऱ्यावरच्या सहलींमध्ये बऱ्याचदा टेंडरने दुसऱ्या धक्क्यावर उतरवून बसने वर नेतात. गुडघ्यांना ते सोयीचं, पण उतरताना बऱ्याचदा केबल कारच असते. आणि वारा वाढला की कप्तान टेंडर बंद ठेवतो, बंदर चुकतं. तिकिटाच्या करारात कंपनीला मार्ग बदलण्याचा अधिकार असतो. बंदर रद्द झालं तर साधारणपणे त्या बंदराचे कर तेवढे परत मिळतात. त्यापलीकडे भरपाईची आशा ठेवू नका. एकाच ठिकाणावर सगळा जीव असेल तर तिथे क्रूझने जाऊच नये, विमानाने किंवा फेरीने जावं आणि चार दिवस राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिलाचं थोडक्यात सांगते. 'सर्व समाविष्ट' या शब्दांत सहसा खोली, मुख्य भोजनगृह, बुफे आणि कार्यक्रम येतात. सेवाशुल्क माणशी, दर रात्रीचं वेगळं लागतं, आणि ते मुलांनाही. शीतपेयं, मद्य, खास रेस्टॉरंट, वायफाय, कपडे धुणं, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली, या सगळ्याचे पैसे निराळे. जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड दाखवायचं, सही करायची, त्यामुळे किती खर्च झाला ते हाताला जाणवत नाही. शेवटच्या सकाळी काउंटरपुढे रांग लागायची ती याचमुळे. मिनी-बारमधल्या पाण्याच्या बाटल्या, मुलांनी व्हिडिओ गेमच्या खोलीत वापरलेलं कार्ड, नको असलेल्या पेय पॅकेजची दुसरी नोंद. पेय पॅकेज एकाने घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं, असा पुष्कळ कंपन्यांचा नियम आहे. एजंटकडून भाडं, बंदर कर आणि सेवाशुल्क असा पाचही जणांचा एकत्र आकडा लेखी मागा. त्यात विमान, व्हिसा, विमा, आदल्या रात्रीचं हॉटेल आणि सहली मिळवा. मग दोन सहलींची तुलना करा.

आता केबिन. जहाजाची पुढची-मागची टोकं वर-खाली होतात तेव्हा त्या टोकांना जास्त जाणवतं आणि डावी-उजवीकडे डोलतं तेव्हा वरच्या मजल्यांना. त्यामुळे लांबीच्या मध्यावरची, खालच्या-मधल्या डेकवरची केबिन सगळ्यांत शांत. जहाजाला दोन्ही बाजूंनी पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डोलणं कमी करतात, टोकांचं वर-खाली होणं फारसं नाही. डेकचा नकाशा उघडून आपल्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत ना, ते तपासा. वर बुफे किंवा पोहण्याचा तलाव असला तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात, खाली थिएटर असलं तर रात्री ढोल ऐकू येतात. 'गॅरंटी' भावात केबिन कंपनी ठरवते, निवड तुमच्या हाती राहत नाही. पहिल्यांदाच जाताय, तर तो भाव घेऊ नका.

आई-बाबांना बाल्कनी आणि तुम्हा तिघांना समोरची आतली केबिन, असं करता येईल. आई एखाद्या बंदरात जहाजावरच थांबल्या तर त्यांना दिवसभर समुद्र दिसेल, तो खर्च सार्थकी लागेल. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की दिवस-रात्र कळत नाही. वयस्कर माणसं रात्री उठतात तेव्हा तिथे चाचपडतात. आणि केबिन लिफ्टजवळची मागा. ही जहाजं तीनशे मीटरच्या वर लांब असतात, कॉरिडॉरमध्येच पाय दुखून येतात.

कागदवही:
वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी कागदपत्रांचं लिहितो, कारण आमच्या गटातल्या एका जोडप्याला बंदरातूनच परत फिरावं लागलं होतं. व्हिसा होता, पण एकाच प्रवेशाचा.

पाऊलवाट, तुमच्या पूर्वेकडच्या सहलीत नेमका हाच धोका आहे. इटली आणि ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात, तुर्कस्तान येत नाही. कुशादासीला जहाज गेलं की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, आणि परत ग्रीस किंवा इटलीत येणं म्हणजे दुसरा प्रवेश. तुमच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागत असेल तर तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच हवा. माँटेनेग्रोतल्या कोटोरचंही तसंच. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. तुर्कस्तानचा नियम वेगळा तपासायचा. "आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही" असं म्हणून भागेलच असं नाही. यादीतल्या प्रत्येक देशाचे कागद नसतील तर कंपनी पहिल्याच बंदरात चढू देत नाही, आणि पैसेही परत देत नाही. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर सहा महिने तरी शिल्लक ठेवा.

विम्याबद्दल हात जोडून सांगतो, कानाडोळा करू नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल खोलीच्या खात्यावर चढतं आणि ते जागेवरच भरावं लागतं. नेहमीचा आरोग्य विमा समुद्रात चालेल हे गृहीत धरू नका. वैद्यकीय कारणाने जहाजावरून उचलून किनाऱ्यावर नेण्याचा खर्च विम्यात स्पष्ट लिहिलेला हवा. बाबांचा रक्तदाब अर्जात नोंदवा. लपवला आणि दुसऱ्याच कशासाठी दावा करायची वेळ आली, तरी कंपनी त्यावर बोट ठेवू शकते.

आणि जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी पोचणारं विमान घेऊ नका. आदल्या दिवशीच त्या शहरात पोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. स्वतः ठरवलेल्या फिरतीचंही तेच. टॅक्सी अडकली तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. जहाजाकडूनच घेतलेली सहल उशिरा आली तर मात्र जहाज तिच्यासाठी थांबतं, निदान प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. चिविताव्हेकियासारख्या लांबच्या ठिकाणी म्हणून जहाजाची सहल घ्यावी आणि नेपल्समध्ये आपलं आपण फिरावं.

खारा_वारा:
डेक_पाच यांचं बंदरांचं गणित पटलं, पण मला थोडं वेगळं वाटतं. पन्नास वर्षं संसार केलेल्या जोडप्याला सात दिवसांत पाच शहरं दाखवायची घाई कशाला? मी माझ्या वडिलांना नेलं तेव्हा त्यांना सगळ्यांत आवडले ते निव्वळ समुद्राचे दिवस. सकाळी डेकवर खुर्ची टाकून बसायचे, दुपारी वाचनालयात जायचे, रात्री वाद्यवृंद ऐकायचे. सहल निवडताना किमान एक, जमलं तर दोन दिवस बंदराविना असतील असं बघा. रोज सकाळी साडेसहाला उठून बसमध्ये बसायचं असेल तर जहाज कशाला हवं?

जहाजाच्या आकाराचाही विचार करा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर एका केबिनमध्ये दोघं धरले तरी ५,६१० प्रवासी होतात, सगळ्या जागा भरल्या तर ७,६०० पर्यंत. मुलांना अशा जहाजावर घसरगुंड्या, तलाव, खेळ, सगळं मिळतं, पण चालणं फार. हजार-दोन हजार प्रवाशांच्या जहाजावर दोन दिवसांत वाटा ओळखीच्या होतात आणि वेटर आईंना नावाने हाक मारतो. लेक आठ वर्षांची आहे म्हणजे मुलांच्या क्लबमध्ये आरामात रमेल. फक्त तिच्या वयाचा गट कोणता आणि क्लब रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो, ते विचारा.

आणि महिना! जुलै-ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्राकाठची सगळी शहरं तापतात आणि गर्दीने फुलून जातात. मे किंवा सप्टेंबरअखेर हवा सुखाची असते. शाळेचं जमत असेल तर तेव्हाच जा.

पाऊलवाट:
तुम्हा तिघांचे आभार मानावेत तितके थोडेच. आजच एजंटला फोन केला. 'व्हेनिस' म्हणजे रॅव्हेनाच निघालं आणि सँटोरिनीला टेंडर आहे. आईला त्या फलाटाचं वाचून दाखवलं, तर ती लगेच म्हणाली, "नको गं बाई, धक्का असेल तिथेच जाऊ." त्यामुळे आता पश्चिमेकडची सहल जवळपास नक्की.

दोन शंका राहिल्या. आगाऊ रक्कम दोन दिवसांत भरायचा तगादा चालूच आहे, भरावी का? आणि लेकीला बसमध्ये उलट्या होतात, तिचं जहाजावर काय होईल?

डेक_पाच:
दोन दिवसांत भरायची असली तरी आधी एक कागद मागा: ही रक्कम परत मिळण्याजोगी आहे की नाही, पूर्ण पैसे कधी भरायचे आणि कोणत्या तारखेला रद्द केलं तर किती कापणार. बहुतेक कंपन्या उरलेले पैसे निघण्याच्या तीनेक महिने आधी मागतात. त्यानंतर जसजशी तारीख जवळ येते तशी कपात वाढत जाते, शेवटी काहीच हाती लागत नाही. परत मिळणारी आगाऊ रक्कम असेल तर भरायला हरकत नाही, कारण लिफ्टजवळच्या मधल्या केबिन लवकर संपतात. पूर्ण पैसे भरण्याआधी भाव उतरला तर तो आपल्याला लागू होतो का, हेही विचारून ठेवा. परत न मिळणारी असेल तर व्हिसाचं चित्र स्पष्ट होईपर्यंत थांबा. तगादा लावणं हे त्याचं काम आहे. पुढच्या वर्षीच्या सहलीला आज ना उद्या जागा मिळतेच.

लेकीची फार काळजी करू नका. मोठं जहाज बससारखं हिसके देत नाही, संथ डोलतं. बसमध्ये त्रास होणारी पुष्कळ मुलं जहाजावर मजेत असतात. तरी मळमळ रोखणाऱ्या गोळीबद्दल तिच्या डॉक्टरांना आधी विचारा. गोळी त्रास सुरू होण्याआधी घेतली तरच नीट लागू पडते. कानामागे लावायची पट्टी मुलांना परस्पर लावू नका, आणि आई-बाबांनाही नाही. काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असणाऱ्यांना ती बाधते. अस्वस्थ वाटलं तर मधल्या डेकवर मोकळ्या हवेत नेऊन क्षितिजाकडे बघायला सांगा. मोबाइल आणि पुस्तक हातात देऊ नका.

पोटाच्या साथीचं एक लक्षात ठेवा. नोरोव्हायरस हाताला लावायच्या जेलने नीट मरत नाही. बुफेत जाण्याआधी सगळ्यांनी साबण-पाण्यानेच हात धुवायचे.

बाबांच्या गोळ्या, पासपोर्ट, एक जोडी कपडे आणि लेकीचा पोहण्याचा पोशाख हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि केबिनबाहेर यायला कधी कधी संध्याकाळ होते. त्यात कपड्यांची इस्त्री किंवा किटली असेल तर ती सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात आणि बॅग आणखी उशिरा येते. मोबाइल चढताक्षणी विमान मोडवर टाका. समुद्रात फोन उपग्रहाचं नेटवर्क आपोआप पकडतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

पाऊलवाट:
कपात कोणत्या तारखेला किती, तो कागद एजंटने पाठवला. आगाऊ रक्कम परत मिळणारी आहे, म्हणून भरतोय. दोन केबिन सुचवल्यात, दोन्ही आठव्या डेकवर, मध्यभागी, लिफ्टपासून चार दारं सोडून. वर नववा डेक, तिथे केबिनच आहेत. खाली सातव्यावर मात्र नकाशात नुसता पांढरा भाग दाखवलाय, नाव काहीच नाही.

डेक_पाच:
नाव नसलेला पांढरा भाग म्हणजे बहुतेक कर्मचाऱ्यांची जागा: भांडार, स्वयंपाकघराचा मागचा भाग किंवा ट्रॉल्यांचा रस्ता. ट्रॉल्या पहाटे चारपासून धावतात. त्याच डेकवर पुढे सात-आठ दारं सरकून बघा, खाली केबिन दाखवलेल्या असतील तर तिथलेच नंबर मागा. लिफ्ट थोडी लांब पडेल, पण आई-बाबांना झोप शांत लागेल.